आग्र्याचा वाद आणि पाठभेदांचा प्रश्न

१० आणि ११ एप्रिल १८५४ असे दोन दिवस आग्र्यात चर्च मिशनरी सोसायटीच्या आवारात एक जाहीर धर्मवाद झाला. ख्रिस्ती बाजूने उभे होते कार्ल गॉटलिब फांडर हे जर्मन मिशनरी आणि त्यांच्या साहाय्याला टॉमस व्हॅल्पी फ्रेंच. मुसलमान बाजूने मौलवी रहमतुल्लाह कैरानवी आणि त्यांच्या साहाय्याला सरकारी इस्पितळातले डॉक्टर मुहम्मद वझीर खान. पाच विषय ठरले होते. इंजील (ख्रिस्ती शुभवर्तमान) रद्द झाली की नाही, बायबलच्या मजकुरात फेरफार झाला की नाही, पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचे त्रैक्य, मुहम्मदांचे पैगंबरत्व आणि कुराण. प्रत्यक्षात पहिल्या दोनच विषयांवर बोलणे झाले. चर्चेच्या ओघात फांडर यांनी बायबलात सात-आठ ठिकाणी मजकूर बदललेला आहे हे भर सभेत मान्य केले आणि त्यानंतर गाडी पुढे सरकलीच नाही. या वादाची हकिगत आजवर बहुधा हार-जितीच्या भाषेतच सांगितली गेली. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. बायबल बदलले गेले या मुसलमानांच्या शंकेला द्यायची उत्तरे ख्रिस्ती पंडितांनी सुमारे अकराशे वर्षे घासूनपुसून तयार ठेवली होती, पण ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे होती. कैरानवींनी प्रश्नच बदलला. त्या नव्या प्रश्नाचे उत्तरही ख्रिस्ती जगात तयार होते. मात्र शास्त्र म्हणजे काय याची जी कल्पना फांडर मनात धरून बसले होते, तिच्यात ते उत्तर मावत नव्हते.

शंका जुनी आहे. तौरात (मोशेचे शास्त्र) आणि इंजील ही ईश्वरानेच पाठवलेली पुस्तके आहेत असे कुराण सांगते, आणि ग्रंथधारक लोक शब्द त्यांच्या जागेवरून हलवतात असा ठपकाही ठेवते. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदवायच्या तर ‘तहरीफ’ म्हणजे नेमके काय याचा खुलासा करणे भाग होते. मुस्लिम विद्वानांत याचे दोन पक्ष पडले. काहींच्या मते अक्षरे तशीच आहेत, पण वाचणाऱ्यांनी अर्थ फिरवला. काहींच्या मते अक्षरेच बदलली. इसवी सन ७८१ च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदी यांनी पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमथी यांना याविषयी छेडले, तेव्हा तिमथींनी दिलेले उत्तर पुढे शेकडो वर्षे पुन्हा पुन्हा वापरले गेले. यहुदी आणि ख्रिस्ती एकमेकांचे वैरी. तरी दोघांच्या हातात तौरात आणि संदेष्ट्यांची पुस्तके एकच आहेत. वैऱ्यांनी संगनमत करून एकाच जागी एकच बदल केला असे मानायचे तर कसे? उत्तर बिनतोड वाटते, आणि बऱ्याच अंशी आहेही. अकराव्या शतकात कोर्दोव्याच्या इब्न हझम यांनी मात्र संगनमताचा प्रश्न बाजूला ठेवून थेट मजकुरालाच हात घातला. वंशावळीतल्या वर्षांच्या बेरजा, आकडे, एकमेकांशी न जुळणाऱ्या हकिगती यांची त्यांनी उलटतपासणी केली. कैरानवींची खरी वंशावळ इथे सुरू होते.

हिंदुस्थानात हा वाद इंग्रजांनी आणला असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे जेझुइट फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला नजराणा दिला तो अँटवर्पच्या प्लान्तँ छापखान्यात १५६९ ते १५७२ दरम्यान छापलेल्या बहुभाषी बायबलचा. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक अशा भाषांतले पाठ शेजारी-शेजारी मांडलेले हे पुस्तक, म्हणजे पाठांची तुलना करायला वाचकाला दिलेले उघड आमंत्रणच. दरबारातल्या मुल्लांशी पहिल्याच बैठकांत वाद निघाला तो शास्त्रांच्या प्रामाण्यावर. पुढे जेरोम झेवियर या जेझुइटाने १६०९ मध्ये ‘आईना-ए-हक-नुमा’ हा फारसी ग्रंथ पुरा केला. त्याला इस्फहानच्या अहमद अलवी यांनी ‘मिस्कल-ए-सफा’ लिहून उत्तर दिले, आणि त्याचे खंडन फिलिप्पो ग्वादान्योली यांनी १६३१ मध्ये रोममध्ये छापले. लाहोर-आग्र्यापासून इस्फहानमार्गे रोमपर्यंत एक वाद तीन मुक्काम करून गेला, तोही टपालखाते नसताना. मुंबईतही १८३० नंतरच्या दशकात मिशनरी जॉन विल्सन यांचा इस्फहानच्या हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी लेखी सामना झाला. मोरभट दांडेकरांशी झालेला विल्सन यांचा वाद मराठी वाचकांना ठाऊक असतो. हा दुसरा वाद सहसा आठवला जात नाही.

फांडर या परंपरेतले सर्वांत तयारीचे गडी. जन्म १८०३, ठिकाण वुर्टेम्बर्गमधले वाइब्लिंगेन, शिक्षण बाझेल मिशनमध्ये. कॉकेशसमधल्या शुशा इथे राहून ते फारसी शिकले आणि तिथेच त्यांनी ‘मीझान-उल-हक’, म्हणजे सत्याचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. १८२९ मध्ये तो जर्मनमध्ये सिद्ध झाला आणि १८३५ मध्ये फारसीत छापला गेला. त्याच सुमारास रशियन सरकारने मिशनचे काम बंद पाडल्यावर ते हिंदुस्थानात आले आणि १८४१ पासून आग्र्यात राहिले. ‘मीझान’मधली मांडणी अशी: बायबल मुहम्मदांच्या काळी शुद्ध होते, कारण कुराणच त्याला दुजोरा देते; त्यांच्यानंतर ते बदलले असे म्हणावे तर त्यांच्याआधी लिहिलेल्या पोथ्या युरोपातल्या ग्रंथालयांत जपलेल्या आहेत आणि त्यांचा मजकूर आजच्यासारखाच आहे. पहिली बाजू कुराणाच्या साक्षीची, दुसरी पोथ्यांच्या वयाची. मधून पळवाट नाही. तर्काची ही कोंडी चांगली घट्ट आहे. व्हॅटिकनची पोथी चौथ्या शतकातली आणि लंडनमधली अलेक्झांड्रियाची पोथी पाचव्या शतकातली असल्याचे आजचे अभ्यासकही मानतात. इस्लामच्या उदयानंतर कोणी ख्रिस्ती परिषद बसली आणि तिने बायबल बदलले, हा आरोप फांडर यांच्या पुराव्यापुढे टिकत नाही. विल्यम म्यूर या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८४५ मध्येच ‘कलकत्ता रिव्ह्यू’त या वादाचा आढावा घेतला होता, आणि १८५६ मध्ये कुराणातले बायबलविषयक उल्लेख गोळा करून त्याने आग्र्यात एक पुस्तकही काढले. सगळी भिस्त याच कोंडीवर होती.

कैरानवी त्या कोंडीत शिरलेच नाहीत. तेव्हाच्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या कैराना गावचे हे विद्वान, जन्म १८१८, शिक्षण दिल्ली-लखनौचे. इंग्रजी त्यांना येत नव्हते. वझीर खान यांना येत होते. त्यांनी मिळून टॉमस हार्टवेल हॉर्न, नॅथॅनिएल लार्डनर यांसारख्या इंग्रज लेखकांचे बायबलविषयक ग्रंथ पिंजून काढले. गंमत अशी की यातले बरेच लेखक श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि बायबलच्या बचावासाठीच लिहीत होते. बचाव करताना त्यांना प्रतिपक्षाच्या हरकती आणि पोथ्यांमधले फरक प्रामाणिकपणे नोंदवावे लागले होते. कैरानवींनी त्यांच्या नोंदी घेतल्या, निष्कर्ष सोडून दिले. त्याच काळात पुण्यात जोतीराव फुले ख्रिस्ती धर्माचे टीकाकार टॉमस पेन वाचत होते हे लक्षात घेतले म्हणजे युरोपातले आपापसातले वाद हिंदी वाचकांच्या हाती किती लवकर पोहोचत होते याचा अंदाज येतो. मिशनऱ्यांची अशी समजूत होती की युरोपातली पुस्तके आपणच उघडणार आणि आपल्याला हवी तीच पाने दाखवणार. आग्र्यात ती समजूत मोडली.

सभेत कैरानवींनी मांडलेला मुद्दा असा होता: बदल कोणी केला, केव्हा केला, मुहम्मदांच्या आधी की नंतर, हे मला सिद्ध करायचे नाही. आज तुमच्या हातात असलेला मजकूर शब्दशः ईश्वराचा आहे असे तुम्ही म्हणता, आणि तुमचेच विद्वान म्हणतात की त्यात भर पडली आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाचे सातवे वचन हे ठळक उदाहरण. त्रैक्याचा इतका उघड उल्लेख करणारे हे वचन जुन्या ग्रीक पोथ्यांत नाही. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ते घेतले नव्हते. ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घेतले, आणि तिथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात आले. फांडर यांना हे नाकारता येईना, कारण ते खरे होते. नकलकारांच्या हातून झालेले लहानसहान फरक हजारोंनी मोजावे लागतील हेही ख्रिस्ती बाजूने कबूल केले. तत्त्वाला कुठे बाध येत नाही, एवढे मात्र ते सांगत राहिले. समोरचा रोख सरळ होता: सात-आठ ठिकाणी खाडाखोड असल्याचे ज्याचा मालकच कबूल करतो तो दस्तऐवज कचेरीत कोण मान्य करील? श्रोत्यांत कायदेकचेऱ्यांशी रोजचा संबंध असलेले लोक होते. त्यांना हा युक्तिवाद पटायला वेळ लागला नाही.

युरोपात हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. १७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांनी शंभरेक पोथ्या ताडून नव्या कराराचे सुमारे तीस हजार पाठभेद छापले, आणि १७१३ मध्ये अँथनी कॉलिन्स या स्वतंत्र विचारकाने त्यांच्या आधाराने ख्रिस्ती शास्त्राच्या अनिश्चिततेवर बोट ठेवले. त्याच वर्षी रिचर्ड बेंटली यांनी त्याला दिलेले उत्तर या विषयातले मूळचे उत्तर आहे. पोथ्या जितक्या जास्त, तितके पाठभेद जास्त. पण तितकीच मूळ पाठ शोधण्याची साधनेही जास्त. ज्या ग्रंथाची एकच पोथी उरली आहे त्यात पाठभेद एकही नसतो, आणि त्यातली चूक दुरुस्त करण्याचा मार्गही नसतो. योहानाच्या त्या वचनाचेच पाहा. ते मागून घुसले हे कळले कशावरून? ज्यांत ते नाही अशा पोथ्या शिल्लक होत्या म्हणून. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरीचा पाठ बिघडला आहे हे एकनाथांना जाणवले आणि तो शुद्ध करता आला, तो हाती असलेल्या प्रतींच्या जोरावरच. पाठभेदांनी तत्त्वाला बाध येत नाही हा बेंटलींचा निष्कर्ष फांडर यांनी सांगितला, पण निष्कर्षाला बळ देणारी रीत पुढे केली नाही. ती त्यांना ठाऊक नव्हती असे नव्हे. अडचण अशी होती की ‘मीझान’मध्ये त्यांनी बायबल आणि कुराण एकाच तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले होते, जणू दोन्ही ग्रंथ एकाच प्रकारचे, वरून अक्षरशः उतरलेले. हे माप कुराणाला लागू पडते. चार वेगवेगळ्या माणसांच्या नावांनी चालत आलेली चार शुभवर्तमाने आणि पौलाची खासगी वाटावीत अशी पत्रे यांना ते लागू पडत नाही. फांडर प्रतिपक्षाच्या मापाने तोलायला बसले, तेव्हाच त्यांची बाजू कमजोर झाली होती.

यावर पहिली हरकत अशी येईल, की ही तर माघार झाली; अक्षरे सांभाळता आली नाहीत म्हणून अक्षरांना महत्त्व नाही असे म्हणायचे. हरकत वजनदार आहे आणि तिचा अर्धा भाग मला मान्य आहे. पाठभेदांचे शास्त्र मजकूर कुठपर्यंत मागे नेता येतो ते सांगते. तो मजकूर कोणी लिहिला, लिहिणाऱ्याला कुठून कळले, हे सांगत नाही. कैरानवींचा खरा घाव तिथेच होता. पुढे ‘इझहार-उल-हक’ या अरबी ग्रंथात त्यांनी ठासून विचारले की तुमच्या पुस्तकांची अखंड सनद कुठे आहे? हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, शास्त्रात प्रत्येक वचनामागे माणसांची साखळी लागते. अमक्याने तमक्याकडून ऐकले, ते दोघे भेटले होते, दोघेही विश्वासू होते. शुभवर्तमानांना अशी साखळी नाही. ख्रिस्ती बाजूकडे याला काहीच उत्तर नव्हते असे नाही. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले इरेनियस सांगतात की लहानपणी त्यांनी पॉलिकार्पला ऐकले आणि पॉलिकार्पने येशूचा शिष्य योहान याला पाहिले होते. अशा साक्षी लार्डनर यांनी १७२७ पासून तीस वर्षे खपून छापलेल्या खंडांत गोळा केल्या होत्या. पण ही साखळी मोजक्या ठिकाणीच लागते आणि चारही शुभवर्तमानांना सारखी लागत नाही. इतिहासाच्या रीतीने पाहणाऱ्याला तेवढ्यावर संभाव्य निर्णय देता येतो. मुहद्दिसाच्या, म्हणजे हदीस पारखणाऱ्या विद्वानाच्या, रीतीने पाहणाऱ्याला तेवढे पुरत नाही. प्रती ताडून पाहणे आणि माणसे पारखणे या पुरावा तपासण्याच्या दोन प्रामाणिक रीती आहेत. आग्र्यात त्या समोरासमोर आल्या, आणि दोन्ही बाजूंपैकी एकाने तरी हे ओळखून बोलायला हवे होते.

दुसरी हरकत ख्रिस्ती बाजूची. तिसरे खलिफा उस्मान यांनी कुराणाची एक प्रत प्रमाण ठरवून बाकीच्या जाळायला लावल्या, हे मुस्लिम परंपराच सांगते. मग पाठभेद नसणे हा शुद्धतेचा पुरावा कसा? हा युक्तिवाद अल-किंदीच्या नावाने चालत आलेल्या अरबी ग्रंथात नवव्या शतकापासून आढळतो, आणि म्यूर यांनी १८८२ मध्ये त्या ग्रंथाचे इंग्रजी सार काढले ते उगीच नाही. बेंटलींच्या मुद्द्याशी तो चांगला जुळतो: ख्रिस्ती जगात सुरुवातीला सर्व प्रती एकसारख्या करील अशी सत्ताच नव्हती, म्हणून फरक उरले आणि म्हणून फरक सापडतात. पण हे शस्त्र जपून वापरायला हवे. कुराणाचे जतन मुख्यतः पाठांतरावर झाले असे मुसलमान मानतात, आणि मान्यताप्राप्त पठणभेद त्यांच्या विद्वानांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहेत. ‘तुमचेही तसेच’ म्हणण्याने आपला मजकूर अधिक विश्वासार्ह ठरत नाही. कुराण हा पाचवा विषय होता आणि वाद तिथपर्यंत गेलाच नाही. गेला असता तरी फांडर यांनी दिलेली कबुली मागे घेतली गेली नसती.

तिसरी हरकत अशी की अशा वादांत ग्रंथ निमित्तमात्र असतात, खरा झगडा सत्तेचा. आग्रा तेव्हा वायव्य प्रांतांची राजधानी होती आणि श्रोत्यांत इंग्रज अधिकारी बसले होते, हे खरे. १८५७ च्या उठावानंतर कैरानवींची मालमत्ता जप्त झाली. ते मक्केला गेले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले. वझीर खान यांनाही मक्केचाच आसरा घ्यावा लागला. पण सत्तेने सगळे उलगडत नाही. सत्ता एका बाजूला असूनही सभा दुसऱ्या बाजूने जिंकली. आणि जिंकलेल्या बाजूची सगळी माणसे तिथेच राहिली असेही नाही. वाद ऐकलेले सफदर अली १८६४ मध्ये जबलपूरला ख्रिस्ती झाले. आग्र्याच्या मशिदीत प्रवचने देणारे इमादुद्दीन यांनी १८६६ मध्ये अमृतसरला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे कैरानवींच्या ‘एजाज-ए-इसवी’ला उत्तरही लिहिले. उलट सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ पासून छापलेल्या बायबलच्या आपल्या भाष्यात, ख्रिस्ती न होता, तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे या जुन्या मुस्लिम मताचा पुरस्कार केला. ग्रंथांचा विचार ग्रंथ म्हणून करणारी माणसे त्या धामधुमीतही होती. माझ्या मते सर सय्यद यांचे भाष्य या साऱ्या वाङ्मयातले सर्वांत समंजस पुस्तक आहे, आणि म्हणूनच दोन्हीकडच्या वादपटूंना ते फारसे उपयोगी पडले नाही.

आग्र्याचा धडा ख्रिस्ती लेखकांनी उशिरा का होईना घेतला. १८८१ मध्ये इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा योहानाच्या पत्रातले ते वचन चर्चच्याच पंडितांनी मजकुरातून काढून टाकले. मुंबईत काही वर्षे काम केलेले मिशनरी विल्यम सेंट क्लेअर टिस्डॉल यांनी १९१० मध्ये ‘मीझान’ची सुधारलेली इंग्रजी आवृत्ती काढली, तोवर सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठातली चौथ्या शतकातली पोथी टिशेनडॉर्फ या संशोधकामुळे जगापुढे आली होती, आणि पोथ्यांचा पुरावा फांडर यांच्या वेळेपेक्षा कितीतरी भक्कम झाला होता. ‘इझहार-उल-हक’चीही तुर्की, उर्दू, इंग्रजी भाषांतरे झाली. दोन्ही ग्रंथ आजही छापले जातात आणि नव्या वादांत त्यांतले उतारे फेकले जातात, बहुधा तारखा न पाहता. ‘मीझान’ १८२९ चा आहे आणि ‘इझहार’ १८६४ चा. एकाला सिनाईची पोथी माहीत नव्हती, तर दुसऱ्याची युरोपीय साधने मुख्यतः अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातली. ज्याला हा वाद आज पुढे न्यायचा आहे, त्याने निदान दोन्ही पुस्तके संपूर्ण वाचावीत, आणि हॉर्न व लार्डनर यांची मूळ पाने उघडून कैरानवींनी काय उचलले व काय सोडले ते स्वतः ताडून पाहावे.